कबड्डीपटूंचे गुडघे आणि ‘पार्शल’चा गैरसमज

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की आमच्या सांगली भागात गावोगावी कबड्डीच्या स्पर्धा लागतात, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय, छापलंत तर पोरांच्या घरच्यांपर्यंत वेळेत पोचेल. मी हायस्कूलला क्रीडाशिक्षक आहे, २२ वर्षं झाली, आणि हल्ली पोरापोरींचे गुडघे जसे जातायत ते बघवत नाही.

माझ्या पुतण्याचंच सांगतो. चढाईला गेला, मागे वळताना पाय मॅटवर रुतला आणि अंग फिरलं, अजून कुणी पकडही केली नव्हती. कट्ट आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. दोन तासात गुडघा टम्म सुजला. गावात एकाकडून चोळून घेतला, पट्टी बांधली, एक्सरे नॉर्मल आला, सगळे म्हणाले लचक आहे. एक्सरेत लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, दिसतच नाही हे घरात कुणाला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी मिरजेला एमआरआय केला तेव्हा कळलं, एसीएल नावाच्या लिगामेंटचा पार्शल टिअर, म्हणजे ते अर्धवट फाटलंय.

डॉक्टरांनी समजावलं होतं नीट. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारी जेमतेम ३ सेंमीची दोरी, तीही दोन पदरी. एक पदर गेला तरी दुसऱ्यावर गुडघा टिकू शकतो, म्हणून लगेच ऑपरेशन नको, ३ महिने फिजिओ करा, मांडीचे स्नायू तयार होऊ देत, मग गुडघा सटकतो का ते परत तपासू आणि तोवर खेळ पूर्ण बंद. दुखापत गुडघ्याच्या आतल्या कडेच्या एमसीएल या दुसऱ्या लिगामेंटची असती तर ते बहुतेक वेळा ब्रेस लावून जुळतं कारण त्याला रक्तपुरवठा चांगला, पण एसीएल सांध्यातल्या पाण्यात असतं, तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही त्यामुळे ते आपलं आपण जुळणं अवघड.

घरी मात्र फक्त ‘पार्शल’ एवढंच ऐकलं गेलं. निम्मंच फाटलंय, ऑपरेशन नको म्हणालेत, म्हणजे विशेष काही नाही. महिन्यात सूज उतरली, दुखायचं थांबलं आणि सातव्या आठवड्यात एका मंडळाचं बोलावणं आलं तसा नी कॅप चढवून उतरला. मी अडवायला हवं होतं, अडवलं नाही, ते अजून खातंय मला. राहिलेला पदर गेला आणि सोबत मेनिस्कस म्हणजे आतली गादीपण फाटली.

मग दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. लोकांना वाटतं फाटलेलं शिवतात, तसं सहसा नसतं, याच्या मांडीमागचा हॅमस्ट्रिंगचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून हाडात बोगदे पाडून त्यात नवीन लिगामेंट बसवलं. ते टेंडन आधी नरम पडतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या येतात, मग हळूहळू मजबूत होतं. म्हणजे तिसऱ्या महिन्यात पोराला एकदम बरं वाटतं तेव्हा आत ते कच्चंच असतं, आणि नेमके तेव्हाच फोन यायला लागतात खेळायला ये म्हणून. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलंय की ऑपरेशननंतर ९ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवाल तितकं परत दुखापतीचं प्रमाण दर महिन्याला साधारण निम्म्याने घटतं. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारी २०२३ ला मुंबईत झालं, तो मॅच खेळला मार्च २०२४ ला. त्याची दुखापत फार मोठी होती हे खरं, पण चौदा महिने तो थांबला ना.

फिजिओचं तर कुणी बोलतच नाही. जाऊन येऊन ४० किलोमीटर एसटीने, प्रत्येक वेळचे वेगळे पैसे, त्यात घरचं काम, चार खेपांत बंद. ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यात पाय पूर्ण सरळ होणं सगळ्यात महत्त्वाचं, त्यासाठी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, पण आई माया करते आणि गुडघ्याखाली उशी देते, बरं वाटतं, पण पाय वाकडाच राहतो. आमच्याकडे तेच झालं, नंतर सरळ करताना पोरगं रडलं. जेवायला मांडी घालायची नाही, भारतीय संडासावर बसायचं नाही, हे घरी जायच्या आधीच कुणीतरी विचारायला पाहिजे की बाबा घरात सोय काय आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी धावपळ करून कमोडची खुर्ची आणली.

माझी मागणी एवढीच, ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस तरी फिजिओ बसवा. मंडळांनी बक्षिसाच्या रकमेतून थोडं काढून मैदानावर एक फिजिओ ठेवावा आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्याला डॉक्टरांचं पत्र असल्याशिवाय उतरवू नये. वीस मिनिटांचा वॉर्मअप, त्यात उडी मारून गुडघे वाकवून उतरायची सवय, एवढ्यानेसुद्धा दुखापती कमी होतात. मुलींना तर ते आधी शिकवा, त्यांच्यात एसीएल फाटायचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे.

पुतण्याला आता सातवा महिना चालू आहे. एका पायावर लांब उडीची टेस्ट घेतो आम्ही, ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या निदान ९० टक्के तरी यायला हवा, अजून आलेला नाही, त्यामुळे या सिझनला तो नाही, बोलावणाऱ्या मंडळांनी कृपया फोन करू नयेत. ज्यांना पोरांचा वॉर्मअप बघायचाय त्यांनी शाळेच्या ग्राउंडवर या, संध्याकाळी साडेपाचला सुरू करतो.

आपला,
एक क्रीडाशिक्षक, जि. सांगली