‘बेडला एमरी लावू नकोस’ म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

काल बाबांच्या लेथवर, म्हणजे धातूची दांडी फिरवत कापायच्या यंत्रावर, पुन्हा मोजलं. दांडीवर जाड ठेवलेले दोन पट्टे, म्हणजे दोन्ही कॉलर, सारख्या आल्या. पावसाळा गेला, थंडी आली, तरी तुम्ही बसवून दिलेलं जागचं हललेलं नाही. फोनवर सांगितलं असतं, पण आभाराचा शब्द आला की तुम्ही ‘बरं, ठेवतो’ म्हणता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीने 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी 35 फुटांपर्यंत चढलं. समा भागातल्या आमच्या घरी तळमजल्यावर कमरेइतकं पाणी होतं. आम्ही वर होतो आणि बाबांचं लेथ खाली, पाण्यात. मायफर्ड एमएल-सेव्हन, इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनचं. बाबा गेल्यावर सात वर्षं मी त्यावर फक्त चादर घालून ठेवली होती. पाणी उतरलं तेव्हा चादर गाळाने जड होऊन बेडला, म्हणजे यंत्राच्या खालच्या लांब सपाट लोखंडी भागाला, चिकटली होती, आणि ती ओढली तर खाली सगळं नारिंगी.

ज्यांना दाखवलं त्यांतल्या एकाने बेड झिजलाय, ग्राइंडिंगला पाठवा म्हणून सांगितलं. दुसऱ्याने किलोचा भाव सांगितला. मी मनाशी ठरवलं की आपणच घासायचं, आणि एमरी पेपर घेऊन टेलस्टॉकच्या (बेडच्या उजव्या टोकाच्या सरकत्या आधाराच्या) नळीपासून सुरुवात केली. दांडिया बाजारातल्या गणपतीत बाबांबरोबर उभे राहणारे तुम्ही, कुणाकडून तरी कळून त्याच दिवशी आलात. हात मागे बांधून बराच वेळ नुसते बघत होतात. मग म्हणालात, “अगं, बेडला एमरी लावू नकोस. गंज निघेल, पण सपाटीही जाईल. आणि त्याची भुकटी वर सरकणाऱ्या सॅडलखाली गेली की जन्मभर घासत राहील.” नळीवर माझ्या हाताने पडलेले ओरखडे आजही दिसतात. बेडवर एकही नाही, तो तुमच्यामुळे.

पुढचे दोन रविवार फक्त रॉकेल, चिंध्या आणि आडवं धरलेलं ब्लेड. ब्लेडचं टोक रुतू द्यायचं नाही, तेल सोडून गंजाचा पापुद्रा तेवढा उचलायचा. गिअरची चाकं, हँडल, क्लॅम्प यांच्यासाठी तुम्ही बादली मांडायला शिकवलंत: चार लिटर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर, धन टोकाला लोखंडी सळीचे तुकडे, ऋण टोकाला गंजलेला भाग. टोकं उलटी झाली तर आपलाच भाग खाल्ला जातो, म्हणून चार्जर लावण्याआधी दर वेळी माझ्याकडून मोठ्याने वदवून घेत होतात. सळीऐवजी मी स्टेनलेसची पळी घेतली, तेव्हा ती तुम्ही हातातून काढून घेतलीत, कारण त्यातून क्रोमियम विरघळून पाणी विषारी होतं. आणि हायड्रोजन निघतो म्हणून बादली अंगणातच.

हेडस्टॉक, म्हणजे दांडी फिरवणारा डावीकडचा भाग, उघडायची मला भीती होती. त्यात व्हाइट मेटलची बेअरिंग आहेत, आणि मऊ धातूत गाळाचा कण रुतला की तो तिथेच बसून फिरणारा स्पिंडल कापत राहतो, हे तुमच्याकडूनच कळलं. कॅपखालच्या शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) काढताना प्रत्येकीला दोरा बांधून चिठ्ठी लावलीत: पुढचं बेअरिंग, डावी बाजू, पुढचं बेअरिंग, उजवी बाजू. त्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात. त्यातल्या दोन बाबांच्या जुन्या बिलांच्या मागे लिहिलेल्या आहेत.

पण खरं काम त्यानंतरचं, आणि मला सगळ्यात जास्त तेच सांगायचंय. सगळं साफ होऊन मशीन फिरू लागलं तेव्हा चकमध्ये, म्हणजे यंत्राच्या पकडीत, धरलेली दांडी बाहेरच्या टोकाला चार थाऊ (इंचाचे चार हजारांश) जाड येत होती. बेड झिजल्याचं मला आधीच सांगितलं होतं, त्यामुळे माझा त्यावर विश्वास बसला. तुम्ही मात्र पाना मागितलात आणि बेड स्टँडला धरून ठेवणारे चारही बोल्ट ढिले करून घरी निघून गेलात. “रात्रभर पडू दे त्याला मोकळं.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही ती पाणसळ आणलीत, फडक्यात गुंडाळलेली, स्कूटरवर मांडीवर धरून. मीटरला 0.02 मिलिमीटरचा चढही एका रेघेने दाखवणारी. आल्या आल्या ती बेडवर ठेवून तुम्ही चहा मागितलात. तासभर हात लावू दिला नाहीत, कारण हाताच्या उबेनेही बुडबुडा सरकतो. मग आधी पाणसळच तपासली: एकदा ठेवायची, मग फिरवून टोकं उलट करून ठेवायची. मी बुडबुडा मध्ये आणायला धडपडत होते. तुम्ही म्हणालात, “मध्ये आला नाही तरी चालेल. हेडस्टॉकपाशी जिथे उभा राहतो, तिथेच टेलस्टॉकपाशी उभा राहिला पाहिजे.” लेथ तिरपं असलं तरी सरळ कापतं, पिळलेलं असलं तर सरळ कापत नाही. पुरात स्टँडखालची फरशी खचली होती, आणि घट्ट आवळलेल्या बोल्टांनी बेडला फरशीसारखा पीळ दिला होता. बेड झिजला नव्हता, काका. तो दाबून धरला होता.

शेवटची खात्री पाणसळीवर सोडली नाहीत. इंचभर जाडीची दांडी चकबाहेर सहा इंच काढून, मधला भाग बारीक करून दोन टोकांना दोन कॉलर ठेवल्या. टेलस्टॉकचा आधार नाही. धारदार टूल, अगदी हलका कट, आणि टूल आतबाहेर करणाऱ्या क्रॉस स्लाईडच्या हँडलला न शिवता दोन्ही कॉलर एकाच दमात. मायक्रोमीटरने मोजायचं, शिम घालायची, आवळायचं, पुन्हा कट. बाहेरची कॉलर जाड, म्हणजे तिथे टूल मध्यापासून लांब जातंय, म्हणून टेलस्टॉककडचा पुढचा पाय उचलायचा. पहिली शिम थंड पेयाच्या डब्यातून कापली, नंतर तिच्या जागी पितळी पत्रा आला. चार थाऊंचे अडीच झाले, अडीचचा एक, आणि सहाव्या कटाला फरक दिसेना. त्या वेळी तुम्ही काही बोलला नाहीत, मायक्रोमीटर माझ्या हातात दिलात.

टेलस्टॉक सरकवून रेषेत आणायचा तो सगळ्यात शेवटी का, हे मी आता दुसऱ्यांना सांगते. तो आधी सरकवला असता तर दोन सेंटरमधलं काम सरळ आलं असतं, पण पीळ तसाच लपून राहिला असता आणि प्रत्येक बोअर, म्हणजे आतून कोरलेलं भोक, निमुळता झाला असता.

बडोद्याची कलाभवन ही तंत्रशाळा 1890 मध्ये सयाजीरावांनी काढली, आणि हाताची विद्या मातृभाषेत द्यावी हा त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रह होता, हे शाळेत वाचलं होतं. तुम्ही तिथल्या कार्यशाळेत शिकलात, हे फार नंतर समजलं. अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलत तुम्ही मला जे शिकवलंत, त्यातला एकही शब्द मला नंतर शोधून बघावा लागला नाही.

पैशांचं विचारलं तेव्हा तुम्ही मायक्रोमीटर पुसायला लागलात. पुन्हा विचारणार नाही. पण परवा बोलता बोलता तुमच्या जुन्या टेबल पंख्याचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) खाल्ला गेल्याचं म्हणालात. गनमेटलचा तुकडा आणून ठेवलाय. शाफ्टचं माप फोनवर सांगू नका, पंखाच न्यायला रविवारी येते. मी माझ्या हाताने मोजणार आहे.

तुमची,
समावरची मुलगी