तासांची तक्रार वहीतून सिद्ध होते

मा. संपादक,
स. न.

कोकणातल्या शाखा डाकघरांतून युनियनकडे येणाऱ्या अर्जांत ‘काम वेळेत उरकत नाही’ एवढेच लिहिलेले असते. कोणत्या दिवशी, कशामुळे, किती वेळ, याचा पत्ता नसतो. ही डाकघरे चालवणाऱ्या ग्रामीण डाकसेवकांचा भत्ता जुलै २०१८ पासून रोजच्या कामाचे ४ तास आणि ५ तास अशा दोनच टप्प्यांवर ठरतो. ४ चे ५ करून मागायचे तर अधीक्षक कार्यालय आकडे विचारणारच, आणि त्यात गैर काही नाही.

साधी शंभरपानी वही घ्यावी. टपालाची थैली आल्याची वेळ, बटवड्याला निघाल्याची व परतल्याची वेळ, वाटलेल्या टपालाची संख्या, काउंटरवरचे व्यवहार आणि नेट बंद असल्याची वेळ रोजच्या रोज पेनने लिहावी. आठवड्याची नोंद एका बैठकीत भरली की शाईवरून ओळखू येते आणि मग खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. नुसत्या जून-जुलैची वही दिली तर ‘ही हंगामी अडचण’ असे उत्तर मिळते. उन्हाळ्यातला निदान एक महिना हवाच.

प्रत्येक नोंदीला खात्याचा कागद जोडता आला पाहिजे. टपालाच्या संख्येला उपडाकघरातून थैलीसोबत येणारी बीओ स्लिप, व्यवहारांना दैनिक हिशेब. मात्र मोबाइल सिग्नलसाठी सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर, घालवलेला वेळ कुठल्याच रजिस्टरात येत नाही. त्याच दिवशी उपडाकघराला लेखी कळवून तक्रार क्रमांक वहीत टिपावा. बीटच्या, म्हणजे बटवड्याच्या ठरलेल्या फेरीच्या, अंतराचेही तसेच. वाड्या विखुरलेल्या, आणि ओढ्यावरचा साकव (छोटा पूल) पाण्याखाली गेला की पलीकडच्या वाडीला मोठा वळसा पडतो. नकाशावर तो दिसत नाही. साकव कोणत्या तारखांना बंद होता, याचे ग्रामपंचायतीचे पत्र घ्यावे. मशीनच्या पावत्या थर्मल कागदावरच्या, आपल्या दमट हवेत लवकर पुसट होतात. त्यांची झेरॉक्स लगेच काढावी.

दप्तरातली मूळ रजिस्टरे घरी नेऊ नयेत. पासबुक, आधार क्रमांक, ग्राहकांची नावे असलेली पाने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे तर त्याहून वाईट. तक्रार बाजूला राहते आणि तक्रारदाराचीच चौकशी लागते.

हाती नसलेले कागद माहिती अधिकारात मागावेत. अर्ज स्वतःच्या नावाने करावा; नुसत्या संघटनेच्या नावाचा फेटाळला जाऊ शकतो. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून रजिस्टराचे नाव, शाखा, तारखा एवढेच लिहावे. ‘असे का केले’ विचारू नये. आधी पाहणी मागितलेली बरी: पहिला तास मोफत, पुढे तासाला ५ रुपये, आणि हवी तीच पाने २ रुपये दराने मिळतात. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. जुनी रजिस्टरे मुदत संपली की नष्ट होतात, म्हणून अर्ज लवकर करावा.

निवेदन देताना पानांना क्रमांक घालावेत आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्यावा. ६ महिने उत्तर आले नाही तर त्यापुढच्या एका वर्षात ‘कॅट’मध्ये (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाता येते, आणि ते ६ महिने या शिक्क्यापासूनच मोजतात.

– एक निवृत्त उपडाकपाल, रत्नागिरी