बंधाऱ्यांचे बर्गे आणि चढणीचे मासे : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

पहिल्या पावसाने ओढ्यांना गढूळ पाणी आले की मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर निघतात. हे चढणीचे मासे कोल्हापूर जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. मात्र ते किती पाणी वाढल्यावर निघतात, कुठवर पोहोचतात आणि कोणत्या बंधाऱ्याखाली अडकून पडतात, हे आजही अंदाजानेच सांगितले जाते.

हा अंदाज महाग पडतो. पंचगंगा आणि भोगावतीसारख्या तिच्या उपनद्या कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांनी जागोजागी अडवलेल्या आहेत. त्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवण्यासाठी गाळ्यांत बसवायच्या फळ्या, पावसाळ्यानंतर घातले जातात व पुढच्या पावसाळ्याआधी काढले जातात. ते नेमके कधी काढायचे हे शेतीची गरज आणि पुराचा धोका पाहून ठरते, आणि त्या हिशेबात मासा नसतो. यात अभियंत्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण माशाची गरज आकड्यांत मांडून कोणी त्यांच्यासमोर ठेवलेली नाही.

ते आकडे रेडिओ टेलिमेट्रीने मिळू शकतात. माशाला भूल देऊन त्याच्या पोटात लहान ट्रान्समीटर बसवतात, टाके घालतात आणि तो शुद्धीवर आला की पकडला त्याच जागी सोडतात. प्रत्येक ट्रान्समीटरची खूण वेगळी असल्याने काठावरचा अँटेना कोणता मासा कधी पुढे गेला हे रात्री-अपरात्रीही नोंदवतो. जाळ्यात सापडलेला मासा त्या दिवशी कुठे होता एवढेच सांगतो. ट्रान्समीटर बसवलेला मासा बंधाऱ्याखाली किती दिवस खोळंबला आणि उन्हाळा कोणत्या डोहात काढला, हेही सांगतो. भूतानमध्ये मानस नदीच्या खोऱ्यात सोनेरी महसीर या नदीतल्या मोठ्या माशाचा असाच माग काढण्यात आला आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही आपल्यासमोर ठेवतो. ट्रान्समीटरचे वजन माशाच्या वजनाच्या 2 टक्क्यांहून अधिक नसावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे 10 ग्रॅमच्या यंत्रासाठी मासा किमान अर्धा किलोचा हवा. खोल पाण्यात आणि विरघळलेले क्षार जास्त असलेल्या पाण्यात रेडिओ लहरी लवकर क्षीण होतात. म्हणून राधानगरीच्या जलाशयात किंवा कोल्हापूरखालच्या प्रदूषित पात्रात सुरुवात न करता धरणाखालच्या उथळ भोगावतीत करावी.

उन्हाळ्यात मोठे मासे मोजक्याच डोहांत राहतात असे दिसले, तर सगळी नदी बंद न करता तेवढे डोह राखता येतील. महाडजवळच्या वाळणकोंडीत श्रद्धेपोटी महसीर राखले गेले आहेत, तेव्हा अशी राखण आपल्या लोकांना परकी नाही. राज्याने 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केले, याचा आनंद आहेच. तेवढेच लक्ष नदीतल्या माशालाही मिळावे.

आपण जलसंपदा विभागाला बरोबर घेऊन निदान तीन पावसाळ्यांचा अभ्यास मंजूर करावा, अशी विनंती आहे. माग काढण्याचे काम स्थानिक मच्छीमारांना रीतसर मानधनावर द्यावे, आणि ट्रान्समीटर असलेला मासा जाळ्यात आल्यास तो सोडून कळवणाऱ्यास बक्षीस ठेवावे. ट्रान्समीटरच्या वारंवारितेसाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परवानगी लागेल. तिचा अर्ज आताच गेला, तर येत्या चढणीआधी अँटेना काठावर उभे राहू शकतील.

आपला नम्र,
पंचगंगाकाठचा एक रहिवासी