लकडगंजच्या मिस्त्रीकाकाजींना: आधी भोक, मग काप

काकाजी, सप्रेम नमस्कार.

रायफलच्या लाकडी दस्त्याला वर-खाली होणारं चीकपीस (दस्त्याचाच वरून कापलेला तुकडा, गाल टेकवायला) बसवायचं म्हटलं की बहुतेक जण पहिल्यांदा करवत उचलतात. तुम्ही आमच्या हातातली करवत बाजूला ठेवायला लावलीत. "कापून टाकाल तं दोन्हीकडचे भोकं जुळवाल कसे? पहिले भोक पाडा, मंग कापा." या एका वाक्यासाठी हे जाहीर आभारपत्र. आणि नुसतं 'धन्यवाद' लिहिण्यापेक्षा तुमची पद्धत मापांसकट मांडली, तर नागपुरातल्या बाकीच्या एअर रायफलवाल्यांच्याही कामी येईल.

१० मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. पीपसाइटमागे (नेम धरायचं मागचं बारीक छिद्र) डोळा दर वेळी त्याच उंचीवर यायला हवा, आणि ते ठरवतो गाल. दस्त्याची वरची कड बुटकी असेल तर मान ताणून बघावं लागतं. मग चाळिसाव्या गोळीपर्यंत डोळा नेमका कुठे आहे याचा भरवसा राहत नाही.

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून यंत्र दस्त्यातून पूर्ण काढायचं. भुसा आत गेला की नंतर शोधत बसावं लागतं. दस्त्यावर पेन्सिलने कापाची रेघ आखायची: साधारण १४० मिमी लांब, भोकांच्या जागी वर ३० मिमी लाकूड राहील अशी, आणि पुढचं टोक अंगठ्यापासून बोटभर मागे. बोल्टची बंदूक असेल तर बोल्ट मागे निघायला वाट ठेवायची.

आता तुमचा खरा मुद्दा. दस्त्याची वरची कड उतरती असते. तिच्याशी काटकोन धरून भोक पाडलं की चीकपीस पेलणाऱ्या सळया तिरक्या बसतात आणि चीकपीस वर जाताना मागेपुढे सरकतं. म्हणून स्टँडच्या ड्रिल मशीनखाली दस्ता पाचरी लावून असा पकडायचा, की कापाची रेघ लेव्हलमध्ये येईल. मग वरून सरळ खाली, जाडीच्या बरोबर मध्ये, ८ मिमीची दोन भोकं. एकमेकांपासून ८० मिमी अंतर, खोली ८५ मिमी. साधा ८ मिमीचा बरमा जेमतेम पाऊणशे मिमी खोल जातो, तेव्हा लांब बरमा लागतोच. दर दहा मिमीला तो बाहेर काढून भुसा झाडायचा, नाहीतर सागवान आत जळतं आणि बरमा वाट सोडतो.

त्यानंतर बँडसॉ, अरुंद पात्याची. दोन्ही टोकांना काप वाटीसारखा गोल वर न्यायचा. म्हणजे चीकपीस उचललं की कडा आपोआप मोकळ्या होतात, घासत नाहीत.

सळया स्टेनलेसच्या, ८ मिमी जाड, ७५ मिमी लांब. त्यातल्या २५ मिमी वरच्या तुकड्यात चिकटवायच्या, ५० खाली राहतात. बुश, म्हणजे सळई ज्यात सरकते त्या नळ्या, पितळेचे: बाहेरून १२, आतून ८ मिमी, लांबी ४०. स्टेनलेसमध्ये स्टेनलेस फिरवलं तर ते एकमेकांना धरतं, पितळ धरत नाही. आणि बुश न घालता सळई थेट लाकडात सोडली तर हवेप्रमाणे कधी खुळखुळते, कधी हलत नाही. आपल्याकडची हवा लाकडाला स्वस्थ बसू देत नाही.

खालची भोकं ४१ मिमी खोलीपर्यंत १२.५ ची करायची, त्याखाली ९ ची. त्या पायरीवर बुश टेकतो. अर्धा मिमी मोकळीक मुद्दाम ठेवलेली: सळयांना मेण चोळायचं, बुश त्यांच्यावर चढवायचे, भोकात अरल्डाइट लावून चीकपीस पूर्ण खाली बसवायचं. बुश आपली जागा आपणच शोधतात. सागवानात तेल असतं, म्हणून चिकटवायच्या ऐन आधी भोक अॅसिटोनने पुसायचं. हे विसरलं की महिन्याभरात बुश सळईसोबत वर येतो. कापाच्या दोन्ही बाजूंना टेप लावायची, आणि अरल्डाइट पूर्ण कडक व्हायच्या आत एकदा उचलून वाहिलेलं पुसून घ्यायचं.

उंची पक्की धरणारं कुलूप म्हणजे एम ६ चे दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे), गालाच्या विरुद्ध बाजूने, कापाच्या १५ मिमी खाली. बुशची भिंत दोनच मिमीची, त्यात आटे टिकत नाहीत. आटे लाकडात बसवलेल्या इन्सर्टमध्ये (आतून आटे असलेली धातूची नळी), बुशच्या त्या बाजूच्या भिंतीला फक्त ६.५ चं, आटे नसलेलं भोक. स्क्रूपुढे नायलॉनचा तुकडा. सळईच्या त्या बाजूला कानशीने मिमीभर सपाट पट्टी घासायला तुम्ही सांगितलंत, तेव्हा त्याचा उपयोग एवढा असेल असं वाटलं नव्हतं. स्क्रूने उठलेली कोर त्या पट्टीतच राहते, बुशमध्ये अडकत नाही. शिवाय खाली कोंडलेली हवा तिथून निघून जाते. नाहीतर चीकपीस पंपासारखं वर उडी मारतं.

वीस मिमीपेक्षा जास्त उचलायचं नाही, तीस मिमी सळई आत हवीच. सगळ्या धातूचं वजन शंभरेक ग्रॅम, स्पर्धेतल्या बंदुकीच्या ५.५ किलोच्या मर्यादेजवळ असणाऱ्यांनी आधी काट्यावर ठेवून बघावं.

वरची भोकं त्याच लाकडाच्या गुल्ल्यांनी बुजवून, १२० मग २२० चा पेपर मारून जवसाचं तेल. स्वयंपाकघरातलं नव्हे (ते चटणीलाच बरं, दस्त्यावर आठवडाभर चिकट राहतं), रंगाच्या दुकानातलं उकळलेलं. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकायचं नाही, दोरीवर पसरून वाळवायचं. वाळताना ते तापतं आणि बोळ्यात उष्णता कोंडून आपोआप पेटू शकतं. तुमच्या दुकानात भुश्याच्या पोत्यांपासून लांब, दाराबाहेर ती दोरी का बांधलेली आहे, ते आता कळलं.

काकाजी, मजुरी तुम्ही फक्त कापाची घेतलीत. शिकवणीचे पैसे घ्यायला तुम्ही तयार नाही, म्हणून लांब ८ मिमी बरमा आणि १२.५ चा बरमा तुमच्या दुकानात ठेवून जातो आहोत. पुढचा दस्ता डावखुऱ्या मुलीचा आहे. स्क्रू डावीकडे येतील का उजवीकडे, हे तुम्ही तिलाच विचारा, तिला पाठ झालंय.

आपले,
नागपूरचे एअर रायफलवाले