दारातली ती पहिली दहा मिनिटं

प्रिय सखी,

तुझं पत्र काल मिळालं. लेक शाळेतून आला की दप्तर भिरकावतो, कशावरूनही रडतो आणि बिस्किटांचा पुडा संपवून रात्री जेवायला नको म्हणतो, हे वाचताना आमच्याच घरातल्या संध्याकाळी डोळ्यांपुढे आल्या. अगं, तो हट्टी नाही, त्याला कडकडून भूक लागलेली असते. मधल्या सुट्टीतला डबा खाऊन तीन-चार तास उलटलेले असतात, आणि खेळायच्या नादात तो डबाही धड खाल्लेला नसतो.

मी माझ्या लेकाला दारातच विचारायचे, "काय खाशील?" भुकेल्या पोराला काय सुचणार? बिस्किट! मग माझं ‘नाही’ म्हणणं आणि त्याचं रडणं. आता मी विचारतच नाही. तो यायच्या आधी ताटली भरून टेबलावर ठेवते. तो बूट काढून हात धुतो, येऊन गाजराची एक काडी उचलतो, मग दुसरी, आणि तिसरी संपायच्या आत शाळेतल्या गोष्टी सुरू होतात.

ताटलीत एक फळ किंवा भाजी हवी आणि सोबत पोटाला आधार देणारं काहीतरी हवं. नुसतं फळ दिलं की अर्ध्या तासात पुन्हा "आई, भूक!" सगळ्यात सोपं म्हणजे अंडी. 10 ते 12 मिनिटं उकडून सालासकट फ्रिजमध्ये ठेवली की आठवडाभर चालतात, आणि एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात. काकडीसोबत घट्ट दही दे, त्यात मीठ आणि मिरपूड घालून. टोस्टवर चीज, किंवा उकडलेले मक्याचे दाणे लोण्यात परतून, हेही पाच मिनिटांत होतं. सफरचंदाच्या फोडींवर पीनट बटर लाव आणि मनुका त्याच्या हाती दे. माझा लेक एकेक मनुका ओळीने चिकटवत बसतो आणि त्या नादात अख्खं सफरचंद संपवतो! फोडी आधी चिरून ठेवायच्या असतील तर लिंबाचा रस चोळ, म्हणजे काळ्या पडत नाहीत.

आणि जास्त पिकलेली केळी टाकू नकोस गं. चकत्या करून रात्री फ्रीजरमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवशी मिक्सरमधून फिरव. आधी नुसता चुरा होतो, तेव्हा वाटतं बिघडलं. भांड्याच्या कडा खरवडून आणखी फिरवत राहा, एकदम मऊसूत आइस्क्रीम तयार होतं. साखर नको, दूध नको.

धाकटीला मात्र जप. चार वर्षांची होईपर्यंत तिला अख्खे शेंगदाणे आणि पॉपकॉर्न देऊच नकोस, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे कर, गाजर वाफवून दे आणि खाताना तिला बसवूनच खायला घाल. लेकाचे मित्र घरी आले तर पीनट बटर काढण्याआधी त्यांच्या आयांना ॲलर्जीचं विचारून घे.

ताटली छोटीच ठेव आणि जेवणाच्या दोन तास आधी दे. बिस्किटं अगदी बंद करू नकोस, ताटलीतच दोन ठेव. बंद केली की मुलं ती शोधत फिरतात.

उद्या केळ्याचं करून बघ आणि त्याला काय आवडलं ते सविस्तर कळव. दोघांना गोड पापा.

तुझीच,
मैत्रीण