२१,००० रुपयांची रेघ

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

सरकारने घरबसल्या पैसे दिले की माणसे कामाला हात लावत नाहीत, असे तू मागच्या पत्रात लिहिलेस. हात लावत नाहीत हे काही वेळा खरे आहे; मात्र त्यामागे आळसापेक्षा भीतीच जास्त असते, असे माझे मत झाले आहे.

सुभाषनगरातल्या ओळखीच्या एक विधवा बाई घरी चपलांसाठी चामड्याच्या वेण्या घालतात. संजय गांधी निराधार योजनेतून त्यांना महिना १,५०० रुपये मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. उद्या त्या ३५० रुपये रोजाने कुठे कामाला लागल्या, तर साठाव्या दिवशीच ही मर्यादा गाठली जाईल. म्हणून हंगामात जास्तीचा माल आला की त्या नको म्हणतात, घेतलेले काम दार लोटून करतात, आणि उत्पन्नाचा दाखला काढायचे दिवस आले की त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. चोरी न करता चोरासारखे राहायचे, याचा मनावर काय परिणाम होत असेल!

ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावची गिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली, तेव्हा समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बेकारांचा अभ्यास केला. हाताशी वेळच वेळ असूनही लोकांचे वाचनालयातून पुस्तके नेणे घटले आणि रस्त्यावरची त्यांची चालही मंदावली. भत्त्याचे नियम तर असे कडक, की रस्त्यावर माउथ ऑर्गन वाजवून चार पैसे मिळवणाऱ्याचाही भत्ता बंद झाला. दिवसाला आकार, चार माणसांत ऊठबस, आपला कुणाला उपयोग आहे ही जाणीव, हे सारे पगाराबरोबर येते असे याहोदांनी पुढे मांडले. आणि नेमके तेच मिळवू पाहणाऱ्याला नियम दंड करत होता.

ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीतून २०२१ पासून दर पौंड कमाईमागे ५५ पेन्स कापले जातात; काहींना मात्र ठरावीक कमाईपर्यंत सूट असते. कपात जबरच, आणि तिथल्या जाचक अटींविषयीही तक्रारी आहेतच. तरी मदत पायरीपायरीने कमी होते. आपल्याकडे रेघ ओलांडली की सगळेच जाते, आणि काम सुटले तर पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले, पुन्हा तहसील कचेरीच्या खेपा. अशा वेळी काम नाकारणे हा मला त्या बाईंचा शहाणपणाच वाटतो.

तू महसूल खात्यात आहेस. घरबसल्या हंगामी कामाचे उत्पन्न दाखल्यात कसे धरतात, एवढे विचारून कळव. म्हणजे दिवाळीचा माल घ्यायचा की नाही, हे त्यांना ठरवता येईल.

तुझा,
विनायक