मावशी, तो बेडूक न दाखवल्याबद्दल थँक्यू

प्रिय मावशी,

हे मराठीत लिहितेय म्हणजे तुला काही कळणार नाही, फोनवर मी तुला सगळं स्पॅनिशमध्ये सांगेनच, पण आधी इथे चारचौघांसमोर लिहायचंय. पहिल्या दिवशी मी तुला "उस्तेद" म्हणजे आपलं अहो-जाहो केलं तर तू म्हणालीस मी काय म्हातारी आहे का, आणि सत्तरीच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ काही वळेना, म्हणून मग मावशी. तू "माउसी" म्हणायचीस. माय मरो पण मावशी उरो, असं आमच्याकडे म्हणतात (आई, वाचत असलीस तर चिडू नकोस, म्हण आहे ती).

सप्टेंबर २०२४ मध्ये सांगलीहून स्पेनमधल्या सालामांकाला, तुझ्या घरी राहायला आले तेव्हा पुण्यात स्पॅनिशचा बी१ म्हणजे मधल्या पातळीपर्यंत कोर्स झाला होता, सर्टिफिकेट होतं, आणि तरी तुझं बोलणं अख्खंच्या अख्खं डोक्यावरून जात होतं. दुसऱ्याच दिवशी तू मला विद्यापीठाच्या जुन्या दरवाजासमोर नेऊन उभं केलंस. विद्यापीठ १२१८ चं, दरवाजावरचं कोरीवकाम सोळाव्या शतकातलं, आणि त्या सोनेरी दगडात कुठेतरी एक कवटी, कवटीवर बेडूक, तो ज्याला कोणी न दाखवता सापडतो तो पास होतो म्हणे. शेजारचा गाइड आपल्या ग्रुपला बोट करून दाखवायला लागला तर तू चक्क माझे डोळे हाताने झाकलेस!! हाताला लसणाचा वास होता. "तूच शोध," म्हणालीस आणि घरी घेऊन आलीस. काय खडूस बाई आहे, हे मी त्या रात्री घरी फोनवर सांगितलेलं.

ऑफिसातही तेच. रेसिडन्स कार्डासाठी महिन्याच्या आत अर्ज करायचा, त्याआधी पत्त्याची नोंद म्हणजे ते पाद्रोन, त्याची अपॉइंटमेंट मिळता मिळत नव्हती, आणि मिळाली तर खिडकीवरच्या माणसाने एक कागद कमी म्हणून परत पाठवलं. तू शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन गप्प बसलेलीस. दोन वाक्यांत तुझं काम झालं असतं गं! मी रडकुंडीला आले, अडखळत भांडले, क्रियापदांचे सगळे काळ चुकवले, आणि शेवटी त्याने त्याच आठवड्यातली दुसरी तारीख दिली. बाहेर आल्यावर तू फक्त एवढंच म्हणालीस की "फुई" नाही, "फुए".

जेवणाचं मात्र तू कधी "तूच बघ" म्हणाली नाहीस. मी शाकाहारी म्हटल्यावर पहिल्या आठवड्यात हॅमचे तुकडे घातलेलं सूप आलं (तुमच्याकडे हॅम बहुतेक भाजीतच मोडतं), पण त्यानंतर लेन्तेखासचं वेगळं पातेलं, चोरिथो म्हणजे ते डुकराचं सॉसेज न घालता, दर सोमवारी. लेन्तेखास म्हणजे आमची मसूरच की, फक्त तुमच्याकडे तिखटाच्या नावाने लाल धुरकट पिमेंतोन. मी एकदा सांगलीच्या मसाल्यातला अख्खा मसूर करून घातला तर तू खोकत खोकत दोनदा वाढून घेतलंस.

आणि २८ एप्रिल. २०२५ चा लुनेस दे आग्वास, अख्खं गाव तोर्मेस नदीच्या काठावर ओर्नाथो खायला जायचा दिवस, आणि नेमकी त्याच दुपारी साडेबाराच्या सुमाराला जवळजवळ सगळ्या स्पेन-पोर्तुगालची लाइट गेली. ओर्नाथो म्हणजे आत चोरिथो, लोमो (तेही डुकराचंच मांस), अंडं भरलेली जाड पोळी. माझ्यासाठी तू आदल्या रात्रीच एक छोटा केला होतास, आत अंडं, चीज आणि भाजलेली मिरची, वर ओळखायला कणकेची एकच पट्टी. लोडशेडिंगमध्ये वाढलेली मी, मला काय त्याचं, पण फोनला रेंज नाही म्हटल्यावर पोटात गोळा आला, सांगलीत टीव्हीवर बातमी लागली असणार, आई वेडी होईल. तू मेणबत्त्या काढल्यास आणि लिफ्ट बंद म्हणून वरच्या मजल्यावरच्या आजींकडे मला पाण्याच्या बाटल्या घेऊन एकटीला पाठवलंस. त्यांनी अर्धा तास सोडलं नाही, गुडघ्यापासून नातसुनेपर्यंत सगळं झालं. खाली आले तर तू बाल्कनीत कपडे काढत होतीस आणि सेलवरचा रेडिओ किचनमध्ये बडबडत होता. तू आतल्या दिशेने ओरडून विचारलंस, "काय म्हणतायत?" आणि मी सांगितलं. सलग, न थांबता, कुठल्या भागात लाइट आली, ट्रेन कुठे अडकल्यात, सगळं. तू काही बोलली नाहीस, फक्त चिमटे गोळा करत होतीस. मलाही ते रात्री झोपताना लक्षात आलं.

बेडूक नोव्हेंबरमध्येच सापडला होता, तुला सांगितलं तर तू म्हणालीस कोणत्या बाजूच्या खांबावर ते सांग, म्हणजे खात्री पटेल!

मसाल्याची पुडी पाठवलीये, पोचली की कळव. अर्धाच चमचा घाल.

तुझी,
वरच्या खोलीतली पोर